संगणकाचे जाळे आणि त्याची दारे

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची समृद्धी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभी आहे, हे सर्वविदित आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हाती घेण्यात आलेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वाहू लागलेल्या या कालव्याने अवर्षणग्रस्त माळरानाचे उसाच्या मळ्यांत रूपांतर केले. बारामती-इंदापूर मार्गावरील भवानीनगर आणि तेथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना हे याच परिवर्तनाचे फळ होय.

परंतु केवळ कालवा खोदल्याने शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, हे या भागातील शेतकऱ्यास सांगावयास नको. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि प्रत्येक चारीच्या मुखाशी दार, अशी रचना असावी लागते. दारेच नसतील तर वरच्या भागातील जमीन पाणथळ होते, टोकाकडील शेते कोरडी राहतात आणि कोठे भगदाड पडले तर सारेच लाभक्षेत्र संकटात सापडते. पाण्याची विभागणी आणि तिच्यावरील नियंत्रण हा सिंचनाचा गाभा होय.

आज याच भूप्रदेशात दुसरे एक जाळे पसरले आहे. ते संगणकांचे आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या तारांनी जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेत देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचा विचार करण्यात आला. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने आणि संगणक यांचे नाते तर त्याहूनही जुने आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला होता. आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी आणि बिल यांची माहिती शेतकऱ्यास आपल्याच गावात मिळावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता.

जाळे पोहोचविण्याचे काम अशा रीतीने पुष्कळच पुढे गेले आहे. ते आतून विभागण्याचे आणि त्याला दारे बसविण्याचे काम मात्र अनेक कार्यालयांत, शाळांत आणि संस्थांत व्हावयाचे राहिले आहे. हे काम म्हणजे काय, ते का आवश्यक आहे आणि ते कोणी करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दवंडीचा गोंगाट

आज कार्यालयांतील संगणक ज्या पद्धतीने तारेने जोडले जातात, तिला 'ईथरनेट' असे म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ पासून ती विकसित केली. प्रारंभी सर्व संगणक एकाच तारेवर बसविलेले असत आणि एकाने पाठविलेला संदेश सर्वांच्या दारावरून जात असे. पुढे 'स्विच' नावाची जोडपेटी आली. कोणता संगणक कोणत्या तारेच्या टोकाशी आहे, हे स्विच लक्षात ठेवतो आणि नेमका संदेश नेमक्या ठिकाणी पोहोचवितो. त्यामुळे पुष्कळसा गोंगाट कमी झाला, परंतु तो संपला नाही.

याचे कारण असे की, काही संदेश मुळातच सर्वांसाठी असतात. नव्याने सुरू झालेला संगणक 'मला पत्ता कोण देईल?' असे साऱ्या जाळ्याला विचारतो. एखाद्या संगणकास छपाई यंत्राकडे मजकूर धाडावयाचा असेल, तर 'अमुक पत्त्याचे यंत्र कोणते?' असा पुकारा तो करतो. पूर्वी गावात दवंडी पिटली जात असे, त्यातलाच हा प्रकार होय. दहा-वीस घरांच्या वस्तीत दवंडी सोयीची असते. पाचशे घरांतील प्रत्येक जण दिवसभर दवंडी पिटू लागला, तर मात्र कोणालाच काम सुचणार नाही.

शाळेच्या संगणक कक्षात घडू शकणारा एक प्रकार यासंबंधी उद्बोधक आहे. एखाद्या मोकळ्या तारेची दोन्ही टोके नजरचुकीने एकाच साध्या स्विचमध्ये बसविली गेली, तर दवंडीचा संदेश त्या फेऱ्यात अडकतो, पुनःपुन्हा फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांतच सारे जाळे ठप्प होते. जाळे अविभक्त असेल तर मुख्याध्यापकांच्या खोलीतील आणि लिपिकाच्या मेजावरील संगणकही त्याच वेळी बंद पडतात. दोष एका तारेचा असतो. शिक्षा मात्र साऱ्या संस्थेला होते.

गोंगाटापेक्षाही गंभीर असा दुसरा धोका सुरक्षिततेचा आहे. अविभक्त जाळ्यात प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येक यंत्राचे दार ठोठावू शकते. अभ्यागताने आणलेला भ्रमणध्वनी, भिंतीवरील कॅमेरा, हजेरीचे यंत्र आणि वेतनाची देयके तयार करणारा संगणक हे सारे एकाच अंगणात असतात. त्यांपैकी सर्वांत दुर्बल यंत्रात शिरलेला घातक प्रोग्राम सर्वांत महत्त्वाच्या यंत्रापर्यंत सहज चालत जाऊ शकतो.

दोन घटना, एक धडा

हा धोका काल्पनिक नाही. २०१७ च्या जून महिन्याच्या अखेरीस युक्रेनमधून 'नॉटपेट्या' या नावाने ओळखला गेलेला विनाशक प्रोग्राम जगभर पसरला. एका यंत्रातून त्याच जाळ्यातील दुसऱ्या यंत्रात आपोआप शिरण्याची क्षमता त्यात होती. मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीची संगणक व्यवस्था त्यात सापडली आणि त्याचे पडसाद रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवापर्यंत उमटले. जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले आणि संगणकांविना हातांनी काम करण्याची पाळी आली. हजारो किलोमीटर दूर शिरलेल्या रोगाने कोकण किनाऱ्यावरील मालवाहतूक खोळंबली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

या घटनेतील एक तपशील विशेष बोलका आहे. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंदवही सांभाळणारे सर्व्हर जगभर ठिकठिकाणी नष्ट झाले होते. आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्या आधाराने पुढील उभारणी शक्य झाली. जो भाग तुटलेला होता, तोच वाचला. असे तुटलेपण योगायोगावर न सोपविता योजनापूर्वक निर्माण करणे, हाच विभाजनाचा हेतू आहे.

दुसरी घटना आपल्या राजधानीतील आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक व्यवस्थेवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि रुग्णनोंदणीसारखी कामे बरेच दिवस कागदावर करावी लागली. या हल्ल्याच्या कारणासंबंधी केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या उत्तरात जाळ्याची अयोग्य विभागणी हे कारण स्पष्टपणे नमूद केले होते. देशातील अग्रगण्य रुग्णालयातील रुग्णांना रांगेत तिष्ठत उभे राहावे लागले, त्यामागे तांत्रिक भासणारी ही बाब होती. प्रशासनातील प्रत्येकाने तिची दखल घेतली पाहिजे.

पिनकोडची युक्ती

विभागणीचे पहिले साधन म्हणजे 'सबनेट' अथवा उपजाळे. ते समजण्यासाठी आपल्या पिनकोडचे उदाहरण उपयुक्त ठरते. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पिनकोडच्या सहा अंकांपैकी पहिले तीन अंक पत्राला योग्य वर्गीकरण जिल्ह्याकडे नेतात आणि उरलेले तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. बारामतीचा पिनकोड ४१३१०२ आहे. त्यातील ४१३ वाचताच मुंबईतील कर्मचारी पत्र योग्य थैलीत टाकतो. पुढील १०२ कोठे आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते.

संगणकाचा पत्ताही असाच दोन भागांचा असतो. प्रचलित पद्धतीत तो चार संख्यांनी लिहिला जातो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील असते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.७०. या पत्त्याचा पुढील भाग 'गाव' दाखवितो आणि मागील भाग 'घर' दाखवितो. गाव कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे सांगणाऱ्या संख्येला 'सबनेट मास्क' म्हणतात. पिनकोडमध्ये ही रेघ तीन अंकांनंतर कायमची आखलेली आहे. संगणकाच्या पत्त्यात ती गरजेनुसार सरकविता येते आणि उपजाळ्यांचे सारे सामर्थ्य या एका सोयीत आहे. एकाच संस्थेच्या आवारात अनेक स्थानिक जाळी असू लागल्यावर ही सोय निकडीची ठरली आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये तिचा प्रमाण नियम प्रसिद्ध झाला.

आता एखाद्या साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. तेथे १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते उपलब्ध आहेत आणि मास्क २५५.२५५.२५५.० असा आहे, असे समजू. या स्थितीत सारे एकच गाव आहे. मास्क बदलून २५५.२५५.२५५.१९२ केला की त्याच पत्त्यांची ६४-६४ घरांची चार गावे होतात :

० ते ६३ : शेतकी आणि लेखा विभागाचे संगणक;
६४ ते १२७ : उसाचे वजनकाटे;
१२८ ते १९१ : कॅमेरे आणि हजेरीची यंत्रे;
१९२ ते २५५ : अभ्यागत आणि अतिथिगृह यांच्यासाठी बिनतारी जोडणी.

प्रत्येक गावातील पहिला क्रमांक गावाच्या नावासाठी आणि शेवटचा क्रमांक दवंडीसाठी राखून ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येकी ६२ पत्ते वापरता येतात. त्यांतील एक पत्ता 'गेटवे'ला, म्हणजे गावच्या वेशीला द्यावा लागतो आणि ६१ यंत्रांची सोय होते. वर उल्लेखिलेला ७० क्रमांकाचा संगणक दुसऱ्या गावात, म्हणजे वजनकाट्यांच्या उपजाळ्यात येतो. त्याला १० क्रमांकाच्या, लेखा विभागातील संगणकाशी बोलावयाचे असेल तर संदेश वेशीतूनच जाईल. ही वेस सांभाळणाऱ्या यंत्राला 'राउटर' म्हणतात. गाळप यंत्रांचे आणि वीजनिर्मितीचे नियंत्रण करणारे संगणक या चारही गावांत घेतलेले नाहीत. त्यांचे जाळे संपूर्णपणे वेगळे असणे इष्ट होय.

एका इमारतीत अनेक वस्त्या

पत्ते वेगळे दिले म्हणजे विभागणी पूर्ण झाली, असा समज मात्र चुकीचा ठरेल. सर्व यंत्रे एकाच स्विचला जोडलेली असतील तर दवंडी अजूनही सर्वांच्या कानी पडते आणि कोणीही आपल्या संगणकाचा पत्ता हाताने बदलून दुसऱ्या गावात शिरू शकतो. घरांवर निरनिराळे क्रमांक रंगविले, पण मधली भिंत बांधली नाही, असा तो प्रकार होय. ही भिंत उभारण्याचे साधन म्हणजे 'व्हीलॅन', अर्थात आभासी स्थानिक जाळे.

बारामती, भवानीनगर आणि इंदापूर ही गावे पुणे जिल्ह्यात आहेत. त्यांचे पिनकोड मात्र पुणे शहराप्रमाणे ४११ ने सुरू न होता सोलापूरप्रमाणे ४१३ ने सुरू होतात. महसुलाची हद्द एक आणि टपालाची हद्द दुसरी, असे येथे दिसते. जमीन तीच राहते, परंतु कामाच्या सोयीनुसार तिची विभागणी वेगळी करता येते. व्हीलॅनमध्ये नेमके हेच साधले जाते. यंत्र कोणत्या खोलीत आहे, यापेक्षा ते कोणते काम करते, यावरून त्याचा गट ठरतो. मुख्य कार्यालयातील लेखापाल आणि दोन किलोमीटरवरील गट कार्यालयातील लेखापाल एका गटात असू शकतात. एकाच खोलीतील संगणक आणि कॅमेरा मात्र वेगवेगळ्या गटांत राहतात.

हे घडते ते असे : स्विचच्या प्रत्येक खोबणीला एक गटक्रमांक दिला जातो. दहा क्रमांकाच्या गटातील दवंडी फक्त दहा क्रमांकाच्या खोबण्यांकडेच जाते. दोन स्विच एकमेकांना जोडणाऱ्या तारेवरून अनेक गटांचे संदेश एकत्र जात असल्याने अशा प्रत्येक संदेशावर गटक्रमांकाची चिठ्ठी लावली जाते आणि पलीकडचा स्विच ती वाचून संदेश योग्य गटाकडे देतो. टपालाच्या एकाच मोटारीतून निरनिराळ्या गावांच्या मोहोरबंद थैल्या जातात, तसे हे आहे. या चिठ्ठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली निश्चित झाले आणि त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच परस्परांची चिठ्ठी वाचू लागले. गटक्रमांकासाठी त्यात बारा द्विमान अंकांची जागा आहे. म्हणून एका जाळ्यात ४,०९४ पर्यंत गट करता येतात. सर्वसाधारण संस्थेला त्यांतील पाच-सहा पुरेसे होतात.

सामान्यतः एका व्हीलॅनसाठी एक उपजाळे, असा मेळ घातला जातो. व्हीलॅनमुळे भिंत उभी राहते, उपजाळ्यामुळे त्या भिंतीआतील घरांना सुसंगत पत्ते मिळतात आणि राउटरमुळे वेस निर्माण होते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे विभागणीस अर्थ प्राप्त होतो.

वेशीवरील पहारा

येथे एक सार्वत्रिक उणीव ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गट पाडले जातात, वेस उभारली जाते, परंतु वेशीवर कोणताच नियम लावला जात नाही. राउटर येणारा प्रत्येक संदेश निमूटपणे पलीकडे पोहोचवितो. अशा स्थितीत गोंगाट कमी होतो, पण धोका कायम राहतो. चारीला दार बसविले आणि ते बारमाही उघडे ठेवले, तर दार असून नसल्यासारखेच.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक' पद्धतीचा पुरस्कार केला. ठरावीक क्षेत्राचा गट आखावयाचा, त्यातील पिकांचे प्रमाण ठरवावयाचे आणि त्यानुसार पाणी मोजून द्यावयाचे, हे या पद्धतीचे सूत्र होते. नीरा कालव्याचे लाभक्षेत्र या पद्धतीशी निकटचे परिचित आहे. क्षेत्राची आखणी आणि पाण्याचा हिशेब या दोन गोष्टी तेथे एकमेकींपासून वेगळ्या मानलेल्या नाहीत. संगणक जाळ्यातही गट आणि नियम यांची फारकत होता कामा नये.

वेशीवरील नियम सांभाळणाऱ्या व्यवस्थेस 'फायरवॉल' म्हणतात. तिचे मूलतत्त्व साधे आहे : जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही, ते अमान्य समजावे. वरील कारखान्याच्या बाबतीत नियम पुढीलप्रमाणे असू शकतील. वजनकाट्याच्या संगणकाने केवळ वजनाची नोंद लेखा विभागाच्या सर्व्हरला द्यावी, त्याला इतर कोठेही जाण्याची मुभा असू नये. कॅमेऱ्यांनी फक्त चित्रण साठविणाऱ्या यंत्राशी बोलावे. अभ्यागतांच्या भ्रमणध्वनींना केवळ बाहेरील इंटरनेट मिळावे, कारखान्यातील कोणतेही यंत्र त्यांना दिसू नये. नियंत्रण कक्षाकडून उत्पादनाचे आकडे बाहेर यावेत, परंतु बाहेरून आत आज्ञा जाऊ नये.

या नियमांचे मोल गाळप हंगामात कळते. तोडलेला ऊस जितका उशिरा गव्हाणीत पडतो, तितके त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो. काट्यावरील संगणक बंद पडले तर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या रांगा लागतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याची किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ही देयके ज्या नोंदींवर अवलंबून असतात, त्या नोंदी अतिथिगृहातील एखाद्या बाधित यंत्रामुळे धोक्यात येणे कोणत्याही सभासदास परवडणारे नाही.

शाळा आणि ग्रामपंचायत

हे सर्व मोठ्या संस्थांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. शाळेचे उदाहरण पाहू. एका बाजूस विद्यार्थ्यांचा संगणक कक्ष असतो. तेथे मुलांनी निर्धास्तपणे प्रयोग करावेत, चुका कराव्यात, हेच अपेक्षित असते. दुसऱ्या बाजूस शिक्षकांच्या वेतनाचे 'शालार्थ' प्रणालीतील काम, विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि निकाल असतात. या दोहोंना एकाच अंगणात ठेवणे मुलांवरही अन्यायकारक आहे, कारण एखादी दुर्घटना घडली की पहिली बंदी त्यांच्या संगणक कक्षावर येते. कक्षाचा गट वेगळा असेल तर मुलांना शिकण्याचे स्वातंत्र्य मिळते आणि कार्यालयाला स्वास्थ्य लाभते.

ग्रामपंचायतीत यंत्रे थोडी असतात, परंतु त्यांचे महत्त्व मोठे असते. निधीचे प्रदान करण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या वापरल्या जातात. जन्म-मृत्यूच्या नोंदी, कर आकारणी आणि निरनिराळे दाखले यांचे काम त्याच खोलीत चालते. आणि पुष्कळदा त्याच जोडणीवरून गावातील तरुणांना बिनतारी इंटरनेट दिले जाते. ही सेवा स्तुत्य आहे, ती बंद करण्याची आवश्यकता नाही. ती स्वतंत्र गटातून द्यावी, एवढेच.

मर्यादित साधनांतही पुढील गोष्टी करता येतात :

१. अनेक लहान राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे पाहुण्यांच्या जोडणीची सोय असते. ती सुरू करून अभ्यागत आणि गावकरी यांना त्याच जोडणीचा संकेतशब्द द्यावा.

२. नवीन स्विच खरेदी करताना तो व्हीलॅनची सोय असलेला आहे किंवा नाही, हे पाहावे. साध्या स्विचपेक्षा त्याची किंमत अधिक असते. काही कार्यालयांत असा स्विच आधीच असतो, परंतु त्या सोयीचा वापर झालेला नसतो.

३. स्विच आणि राउटर यांचे कारखान्यातून आलेले मूळ संकेतशब्द बदलावेत. न वापरलेल्या खोबण्या बंद ठेवाव्यात.

४. कोणती तार कोठून कोठे जाते आणि कोणता गट कशासाठी आहे, याचा नकाशा कार्यालयात ठेवावा. तंत्रज्ञ बदलला की माहितीही त्याच्यासोबत जाते, असे होऊ नये.

५. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडून ठेवावी आणि ती परत वाचता येते, याची वेळोवेळी खात्री करावी.

विभागणीच्या मर्यादा

विभागणी म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण औषध नव्हे. फसव्या ई-मेलमधील दुवा कोणी उघडला, तर त्या व्यक्तीच्या गटात नुकसान होणारच. विभागणीमुळे ते शेजारच्या गटात सहजासहजी शिरत नाही, एवढेच तिचे कार्य आहे आणि तेवढेही मोठे आहे. संगणक प्रणाली अद्ययावत ठेवणे, संकेतशब्दांची काळजी घेणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे ही कामे त्यामुळे टळत नाहीत.

दुसरी मर्यादा अतिरेकाची आहे. प्रत्येक मेजासाठी स्वतंत्र गट पाडला तर साधे छपाईचे काम अडते. कर्मचारी तक्रार करतात आणि त्रासलेला तंत्रज्ञ एके दिवशी सर्व दारे एकदम उघडतो. म्हणून गट थोडे असावेत, पण प्रत्येकाचे कारण सांगता आले पाहिजे. नियमांचा आढावा वर्षातून किमान एकदा घ्यावा आणि तात्पुरती दिलेली मुभा काम संपताच काढून घ्यावी.

इतके करूनही दुर्घटना घडलीच, तर ती लपवू नये. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती त्या लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्या दलास कळविणे आवश्यक आहे. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते. जाळे विभागलेले असेल तर बाधित गटाची तेवढी वेस बंद करून उर्वरित कामकाज चालू ठेवता येते. अविभक्त जाळ्यात मात्र सारे बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.

निर्णय कोणाचा?

हे काम तंत्रज्ञाचे आहे, असे म्हणून ते सोडून देण्याकडे आपला कल असतो. स्विचमध्ये क्रमांक भरण्याचे काम निःसंशय तंत्रज्ञाचे आहे. परंतु कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी बोलावे, हा प्रश्न मुळात कार्यपद्धतीचा आहे. वेतनाची माहिती कोणी पाहावी, गावकऱ्यांना कोणती सेवा खुली असावी, पुरवठादाराच्या माणसाला कोणत्या यंत्रापर्यंत जाऊ द्यावे, याची उत्तरे कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक, कार्यकारी संचालक आणि पंचायतीचे सदस्य यांच्याकडेच असतात. ती तंत्रज्ञाला मिळाली नाहीत तर तो सर्वांत सोपा मार्ग पत्करतो आणि सर्वांना सर्वत्र जाण्याची मुभा देतो.

यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. एका कागदावर संस्थेतील यंत्रांचे गट डावीकडे उभे आणि वरच्या बाजूस आडवे लिहावेत. प्रत्येक चौकटीत या गटाला त्या गटाशी बोलण्याची गरज आहे काय आणि कोणत्या कामासाठी, एवढेच नमूद करावे. बहुसंख्य चौकटी रिकाम्या राहतात, असे आढळून येईल. रिकामी राहिलेली प्रत्येक चौकट म्हणजे बंद ठेवता येण्याजोगे एक दार होय. हा तक्ता मासिक सभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत संमत करून घ्यावा आणि तंत्रज्ञाने त्यानुसार काम केले किंवा नाही, हे तपासावे. जमाखर्चाची तपासणी आपण करतो, त्याच गांभीर्याने ही तपासणी व्हावयास हवी.

पाण्याच्या वाटपात शिस्त आणण्यासाठी आपल्या पूर्वसूरींना अनेक दशके खर्ची घालावी लागली, कारण पाणथळ जमिनी आणि कोरडी टोके पाहूनच त्यांना शिकावे लागले. संगणक जाळ्याच्या बाबतीत इतरांच्या हानीतून मिळालेला धडा आपल्यापुढे आहे आणि तिला आळा घालणारी साधनेही बाजारात उपलब्ध आहेत. नागरिकांनी विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली माहिती आणि शेतकऱ्याच्या घामाच्या पैशाचा हिशेब या जाळ्यांतून वाहत आहे. त्याच्या वाटेवर योग्य ठिकाणी दारे बसविणे आणि त्यांच्या किल्ल्या जबाबदार हाती ठेवणे, हे प्रत्येक संस्थेने स्वतःच्या पुढाकाराने आणि विनाविलंब हाती घ्यावयाचे काम आहे.